बूचकाकांनी हेदर छाटलं

बूचकाकांचं खरं नाव बायकोलाही जरा आठवून सांगावं लागे. उभी हयात त्यांनी जंगलात कॉर्कच्या ओकांची साल काढली. त्याच सालीची बाटल्यांची बुचं होतात, म्हणून गल्लीने त्यांचं परस्पर बारसं करून टाकलं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि काम सुटलं. तोरा मात्र सुटला नाही. या ओकाची साल नऊ वर्षांनी एकदा निघते, त्यामुळे काका काळही तसाच मोजत. लेकीचं वय कोणी विचारलं तर म्हणत, "तिसरी साल निघाली गेल्या उन्हाळ्यात." विचारणारा बिचारा पुढे काही विचारत नसे.

काकूंचं सगळं उलट. घरामागच्या उतारावर त्यांचं हेदर होतं: गुडघ्याएवढी, चिवट काड्यांची झुडपं, उन्हाळा सरता सरता जांभळ्या फुलांनी भरून जाणारी. फुलांवर शेजारच्या मधवाल्याच्या माश्या यायच्या, आणि काड्यांचे काकू खराटे बांधायच्या. अंगण असो की कारखाना, त्या खराट्यापुढे कचऱ्याची मात्रा चालत नसे. हेदर दरवर्षी हातात काहीतरी देतं. काका याला उथळपणा म्हणत.

"आमचा ओक बघ," ते खिडकीतल्या डब्याकडे बोट दाखवत. डब्यात त्यांनी स्वतः बी पेरून वाढवलेलं वीतभर रोप होतं. "याची साल पाण्यावर तरंगते, पायाखाली घातली तर ऊब देते, बाटलीत कोंबली तर थेंब बाहेर येऊ देत नाही. आणि साल काढली तरी झाड आपलं जागच्या जागी उभं."

"पहिली साल कधी निघते म्हणालात?"

"पंचवीस वर्षांनी."

"आणि तिचं बूच होतं?"

"पहिलीचं नाही होत. दुसरीचंही नाही," काका आवाज खाली आणून म्हणत. "तिसरीचं होतं."

"मग तोवर मी बाटली अंगठ्याने दाबून धरते," असं म्हणून काकू खराट्याची गाठ आवळत.

भांडणाचं मूळ तो उतार होता. गंमत अशी, की दोन्ही झाडांचे नखरे बरेचसे सारखे. माती आंबट आणि हलकी हवी, चुना नको, खताचे लाड नकोत, मुळाशी पाणी साचायला नको, आणि डोक्यावर भरपूर ऊन. फरक इतकाच, की एकदा रुजलेला ओक कोरड्या उन्हाळ्याला भीक घालत नाही; हेदरची मुळं वरवरची, त्यांना थोडी ओल लागतेच. घरच्या जमिनीत तेवढा एक उतार दोघांनाही चालण्यासारखा होता. पण ओक मोठा झाला की हेदरवर सावली धरणार, आणि सावलीत हेदर मान टाकतं. म्हणून काकूंनी त्या रोपाला उतारावर फिरकू दिलं नव्हतं, आणि ते डब्यातच मुळांची वेटोळी करून बसलं होतं. काकांना ते बघवत नसे. आपल्या मागे या घरात ओकाचं एक तरी झाड असावं, एवढी एकच इच्छा त्यांची उरली होती.

अशात लेकीचे दिवस भरले आणि काकू तिच्याकडे निघाल्या. जाता जाता दारातून त्यांनी बजावलं, "फुलं सुकली की शेंडे छाटा. हिरवं आहे तेवढंच. ऐकलंत ना?"

"अगं, हयात गेली माझी पातं चालवण्यात. मला शिकवतेस?"

फुलं सुकली. काका कात्री घेऊन उतारावर बसले आणि शेंडे छाटू लागले. थोड्या वेळाने त्यांना ते काम पोरकट वाटायला लागलं. झुडपं खालून केवढी जून झाली होती, नुसतं करडं लाकूड! बायकोचं मन हळवं, तिचा हात धजत नसेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. अख्ख्या ओकाचं अंग सोलून लाल उघडं केलं तरी तो नवी साल धरून उभा राहतो, मग हे तर झुडूप. त्यांनी कात्री ठेवली, कोयता घेतला आणि संध्याकाळपर्यंत अर्धा उतार बोटभर खुंटांवर आणून सोडला. वर स्वतःलाच शाबासकीही दिली.

काकू नात झाल्याच्या आनंदात घरी आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आधी मागच्या दारी गेल्या आणि तिथेच थबकल्या.

"फुटेल," काका मागून म्हणाले. "असं फुटेल की बघत राहशील."

ज्या बाईचं तोंड झोपेतही मिटत नसे ती गप्प बसली, तेव्हा काकांनी कोयता उचलून अडगळीत नेऊन टाकला.

हिवाळा गेला. वाचलेल्या अर्ध्या उतारावर कोवळे शेंडे आले. उरलेल्या अर्ध्यावर खुंट तसेच. काका रोज सकाळी गुडघे धरत वर जात, नखाने खुंट खरवडत आणि आत हिरवं दिसतं का बघत. आत कोरडं लाकूड असे. हेदर जुन्या लाकडातून फुटत नाही, हे आता त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ओकाची साल आणि खोड यांच्यामध्ये एक जिवंत पापुद्रा असतो. कुऱ्हाड तिथवर गेली तर त्या जागी पुन्हा साल धरत नाही. नव्या गड्याने तिथे घाव घातला की काका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. आता उद्धार करायला घरच्याच पिढ्या होत्या.

शेवटी ते काकूंसमोर जाऊन उभे राहिले. "माझं चुकलं. मीच मारलं ते."

"माहीत आहे मला."

"नवं कसं करतात, ते सांग."

काकूंनी त्यांना उतारावर नेलं. जिवंत झुडपाची खालची फांदी वाकवायची, मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, आणि मुळं धरेपर्यंत वाट बघायची. काकांनी गुडघ्यांखाली कॉर्कचा तुकडा घेतला आणि सगळा वसंत फांद्या दाबण्यात घालवला. काकू शेजारी उभ्या राहून चुका काढत. त्यांचं तोंड पुन्हा सुरू झालं याचाच काकांना केवढा आनंद झाला.

पुढच्या वर्षी मुळं धरलेल्या फांद्या त्यांनी मोकळ्या जागेत लावल्या, आणि त्या जगल्या. फुलं सुकल्यावर कात्री पुन्हा काकांच्या हातात आली. या खेपेला त्यांनी हिरव्याच्या खाली पातं जाऊ दिलं नाही. काम संपलं तेव्हा काकू म्हणाल्या, "तो डबा आणा. उत्तरेच्या टोकाला लावा. सावली कुंपणापलीकडे पडेल, माझ्या झाडांवर नाही."

"हे तुला आधी सुचलं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मधोमधच लावायचं म्हणून अडून बसला होतात."

काकांनी डब्यातली मुळं हळूच सोडवली आणि रोप लावलं. माती दाबून झाल्यावर ते म्हणाले, "याची साल काढायला मी काही नसणार."

"नात काढेल."

"पातं कुठे थांबवायचं, ते तिला कोण सांगेल?"

"मी सांगेन. मला शिकवा," काकू म्हणाल्या. "आमच्या घरच्या बायका नव्वदीशिवाय जात नाहीत. तुम्ही नसाल तेव्हा मी असेन."

आपण नसू हे काकांना ठाऊकच होतं. पण आपल्या मागच्या वर्षांचा बायकोने विचार करून ठेवलाय, आणि त्या वर्षांमध्ये आपल्या कामाला जागा राखलीय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"रडताय काय? कुऱ्हाड आणा," काकू म्हणाल्या.

साल निघायचा हंगाम सरला होता, म्हणून काकांनी सरपणातला ओकाचा एक सालीसकट ओंडका अंगणात उभा केला. काकूंनी कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरली, आणि काका त्यांच्या मागे उभे राहिले. पहिला घाव सालीत बसला, दुसरा त्याहून खोल गेला.

"बास," काका म्हणाले.

"अजून थोडी आत जाईल की."

"जाईल. पण न्यायची नाही."

काकूंनी कुऱ्हाड बाहेर काढली, बोट घालून खोली चाचपली आणि म्हणाल्या, "पुन्हा दाखवा."