‘आई’ नावाचं चित्र

मंडळी, आज रत्नागिरीत माझ्या चित्रांचं प्रदर्शन सुरू झालं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या चित्राला मी ‘आई’ असं नाव दिलंय. चित्रात आमच्या शेजारची जुबेदाखाला एका लहान मुलीला मांडीवर घेऊन पेज भरवतेय.

ती मुलगी मी. माझ्या जन्मानंतर आई कितीतरी महिने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा खालानेच मला सांभाळलं.

आज सकाळी आई प्रदर्शन बघायला आली. चित्राचं नाव वाचून तिला वाईट वाटेल, या भीतीने मी लांबच उभी राहिले. ती बराच वेळ चित्रासमोर थांबली. मग मला जवळ बोलावून म्हणाली, “हात अगदी तिचेच काढलेस गो. त्याच हातांनी ती मलापण भरवायची. तुला कुठलं आठवायला!”

तेवढ्यात चित्र बघणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, “ही तुमची आई का?”

माझ्याआधी आईच बोलली. “हो. आमची.” आणि तिला रडू फुटलं.

खाला गेल्या वर्षी वारली. ती असताना आम्ही दोघींनीही तिला कधी आई म्हटलं नाही.

तुमच्याही आयुष्यात अशी कुणी आहे का? तिला तुम्ही काय म्हणून हाक मारता?