मागच्या पडवीतली कांतीण

एकोणीसशे साठच्या दशकात एक वर्ष मी कोळी मोजण्यात घालवलं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, लग्न व्हायचं होतं आणि प्रबंधासाठी हा विषय मीच हट्टानं घेतला होता. कुठल्या जागी किती जातींचे कोळी राहतात, एवढाच प्रश्न. लांजीपलीकडच्या राखीव जंगलात मी चार जागा निवडल्या होत्या. बांबूचं रान, नाल्याचा काठ, जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, आणि चौथी म्हणजे मी उतरायचो त्या डाकबंगल्याची मागची पडवी. दर महिन्याला चार दिवस जाऊन मोजणी करायची.

झुडपाखाली छत्री उलटी धरायची, वरून काठीनं झोडपायचं आणि छत्रीत पडलेले कोळी स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे. ढगाचा पत्ता नसताना उघडी छत्री उलटी घेऊन फिरणारा माणूस दिसला की लाकूडतोडे वाट बदलायचे. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं मी स्वतःला बजावायचो. खोटं होतं ते. फार एकटं वाटायचं. संध्याकाळी मी बाटल्यांतल्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायचो, निदान कानावर काहीतरी पडावं म्हणून.

बोलायला एकच माणूस होतं, चौकीदाराची बायको. ती भंडाऱ्याकडची. आसपास सगळे हिंदी नाहीतर गोंडी बोलणारे, नवरा दिवसभर गस्तीवर. मराठी बोलणारी तिथं ती एकटीच. चहा आणून ठेवताना विचारायची, "काय भेटलं भाऊ आज?" मी बाटली दाखवली की म्हणायची, "आमच्याकडं याले कांतीन म्हन्ते. तुमी काहून मारता तिले?" मी हसून काहीबाही उत्तर द्यायचो. त्या दोन वाक्यांसाठी मी दिवसभर थांबायचो, हे तेव्हा कबूल केलं नसतं.

तिसऱ्या महिन्यात पडवीतल्या प्रत्येक जाळ्याजवळ मी खडूनं खूण केली. पुढच्या खेपेला कुठलं टिकतं ते पाहायचं होतं. पुढच्या खेपेला आलो तर पडवी लखलखीत. जाळी नाहीत, खुणाही नाहीत. भिंतीला नवा चुना लावलेला.

"तुमी येऊन राह्यले म्हून सारं साफ केलं भाऊ," ती म्हणाली. "लय जाळे झालते."

माझं डोकं फिरलं. मी तिला वाट्टेल ते बोललो, तिच्या नवऱ्यासमोर. आणि तेही हिंदीत. जंगलखात्याचे साहेब ज्या हिंदीत नोकरांवर ओरडायचे त्याच हिंदीत, अक्कल काढून. ती पदर सावरत उभी राहिली. मग म्हणाली, "जी, साहब."

त्यानंतर 'साहब'च. चहा यायचा, जेवण यायचं, वेळ चुकायची नाही. मराठी मात्र बंद. मी मुद्दाम मराठीत काही विचारलं तरी उत्तर हिंदीत, तेही एका शब्दाचं. माफी मागितली असती तर मिटलं असतं. पण डेमॉन्स्ट्रेटरनं चौकीदाराच्या बायकोची माफी मागायची म्हणजे काय! मी अडून बसलो, आणि अडून बसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा झाडू मात्र तेव्हापासून मागच्या उंबरठ्याशी थांबला. पडवीत जाळ्यांवर जाळी चढली. माझी वही भरत गेली. मार्गदर्शक खूश होते. मी त्या पडवीत भिंग घेऊन बसायचो आणि आतून तिच्या भांड्यांचा आवाज ऐकायचो.

शेवटच्या खेपेला मोजणी संपली आणि मी नमुने गोळा केले. खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक मोठी कांतीण होती, तीही बाटलीत गेली. मग मला वाटलं, तोंडानं जमत नाही तर हातानं तरी माफी मागावी. तिचाच झाडू घेतला आणि पडवी झाडायला लागलो. सगळी जाळी काढली, कोपरेही सोडले नाहीत. घाम आला, पण फार दिवसांनी बरं वाटत होतं.

ती चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"काहून झाडलं भाऊ?"

भाऊ म्हणाली! मी झाडू हातात धरून वेड्यासारखा हसलो. म्हणालो, "माझं काम झालं. तुम्हाला उगाच वर्षभर घाण सोसावी लागली."

"राहू द्यायचं असतं नं," ती म्हणाली. "अठी दिवसभर मानूस दिसत नाही. मी त्याईलेच पाहात बसत होती. त्या खिडकीपासची तं येवढीशी होती. तीनदा कात टाकली तिनं माह्यासमोर." तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. "कोठी गेली ते?"

कात टाकल्याची एकही नोंद माझ्या वहीत नव्हती.

"गेली असेल बाहेर," मी म्हणालो.

"हौ," ती म्हणाली आणि कप खाली ठेवून आत गेली. संध्याकाळच्या बसनं मी निघालो.

ती बाटली अजून माझ्याकडे आहे. आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आहे, जागा आणि तारीख, आणि निरीक्षक म्हणून माझं नाव.