यायची गरज नसलेलं कॉलेज

चांद्याचं ते लॉ कॉलेज शोधायला मी आणि माय गेलो तेव्हा आम्ही त्याच्या समोरून निघून गेलो, पुढे जाऊन विचारलं आणि परत आलो. खाली टाइल्सचं दुकान. बाजूने जिना, जिन्यात तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. वर गॅलरीत कोणाच्या तरी गाद्या वाळत घातलेल्या. बोर्ड होता, पण अर्ध्या बोर्डावर कोण्या भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर बांधलं होतं, त्यामुळे आम्हाला फक्त ‘विद्यालय’ वाचता आलं. माय म्हणाली, "हे का? याच्याहून तर आपल्या गावची अंगणवाडी बरी हाय!"

माझं नशीब असं की हेच कॉलेज मला मिळत होतं. सीईटीत मी आपटले होते. गावात राहून, मोबाइलच्या भरवशावर अभ्यास करून जेवढे मार्क पडायचे तेवढे पडले. नागपूरच्या चांगल्या कॉलेजांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे शिकणारी माझी मावसबहीण फोनवर हसत सुटली. "अवं, तिथी तर म्हशीले पण अ‍ॅडमिशन भेटते." मला तिचा भयंकर राग आला. म्हैस तरी रोज गोठ्यात येते, हे मला नंतर कळलं.

हे रत्न शोधून आणलं होतं माझ्या काकांनी. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. बाबा गेले तेव्हा तेराव्याचं जेवण दाबून जेवले आणि हात धुऊन जे गेले, ते एकदम त्या कॉलेजचं रंगीत पत्रक घेऊनच उगवले. पत्रकावर काचेची इमारत, पुढे कारंजं, काळे कोट घातलेली गोरीपान पोरंपोरी. कुठल्या देशातला फोटो होता देव जाणे. काका एकेका चित्रावर बोट ठेवून सांगत होते, "पाह्य बेटा, रोज सकायपासून क्लास. शनिवारी पण. अभ्यासच एवढा राह्यते का मान वर कराले फुरसत नाई. मंग तलावात उतराचं वगैरे तुले काही जमणार नाई, हे आताच सांगून ठेवतो."

काकांना माझ्या शिक्षणाचा पुळका का आला होता, हे त्या शेवटच्या वाक्यात होतं. आमच्या गावच्या तलावावर मच्छीमार सोसायटी आहे आणि तिच्यात घरागणिक एक नाव. आमच्या घरचं नाव बाबांचं होतं. बाबा गेल्यावर ते माझ्यावर आलं, कारण मी लहानपणापासून बाबांसोबत जाळं ओढायला जात होते आणि लोकांना मी पाण्यात दिसायची सवय होती. काकांना स्वतःचं एक नाव होतंच, त्यांना दुसरं पाहिजे होतं.

उन्हाळ्याच्या तोंडी तलावाचं पाणी उतरलं की मोठं जाळं पडतं. विकायचा माल व्यापाऱ्याच्या गाडीत गेला की उरलेल्या मासोळीचे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ढीग लावतात, प्रत्येक घराचा एक. मग एक माणूस ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर काठी टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस तोंडात येईल ते नाव घेतो. ज्याचं नाव त्याचा तो ढीग. कोणाला मोठी कतला, कोणाला नुसते झिंगे, पण भांडण नाही, कारण नाव घेणाऱ्याने ढीग पाहिलेलाच नसतो. नियम कडक. ज्या घरचं माणूस पाण्यात उतरलं नाही त्या घराचा ढीग नाही. आणि मोठ्या जाळ्याला जे घर चुकलं, त्याचं सोसायटीतलं नाव पुढच्या सालापासून दुसऱ्याला जातं. आमच्याकडे शेती नाही. तो तलाव हेच आमचं सगळं.

तरी मला वकील व्हायचंच होतं. त्याला कारण एक वकीलच. तलावाच्या लीजच्या भांडणात सोसायटीने तालुक्याचा एक वकील धरला होता. तो आमच्या तलावातल्या मरळ मासोळ्या खायचा आणि आम्हाला तारखा द्यायचा. बाबांना तो ‘ए’ म्हणायचा. बाबा आणि बाकीची मोठी माणसं दुपट्टे हातात घेऊन त्याच्या दारात उन्हात उभी राहायची, आणि हा आत बसून चहा प्यायचा. एकदा बाबांसोबत मीही होते. या माणसासमोर एक दिवस मी काळा कोट घालून उभी राहीन, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. एवढ्या रागाला तो जिना आणि त्या गाद्या पुरतील का, हाच प्रश्न होता.

वर ऑफिसात एक बाबू वडा खात बसला होता. मी विचारलं, क्लास किती वाजता असतात? तो माझ्याकडे असा पाहायला लागला की मी वेडीच आहे. "मॅडम, यायची काही गरज नाई. परीक्षेले या फक्त. हजेरीचं आमी पाहून घेतो." दुसरी कॉलेजं हॉस्टेल, लायब्ररी सांगतात, त्या थाटात तो हे सांगत होता. लायब्ररी होती. तिला कुलूप होतं आणि किल्लीवाला शिपाई लग्नाला गेला होता. वर्गात मायने बाकावरून बोट फिरवलं, धूळ पाहिली आणि बोट बाबूच्याच टेबलावरच्या कापडाला पुसलं. "इथी शिकून तू वकील होशीन, तर मी कलेक्टर!"

पण मला मात्र परतीच्या गाडीत हसू येऊन राहिलं होतं. काकांनी सोन्यासारखं कॉलेज शोधलं होतं! मला तलावापासून तोडायला त्यांनी नेमकं तेच कॉलेज निवडलं जिथे कोणी जातच नाही. कागदावरचं कारंजं पाहून मोठे हुशार समजत होते स्वतःला. मी मनातून त्या कॉलेजावर थुंकले आणि अ‍ॅडमिशन घेतलं.

सोसायटीच्या बैठकीत काकांनी गळा साफ करून सुरुवात केली. पोरगी आता वकिलीले गेली, तिले वेळ नाई, तिचं नाव आपल्या घरातल्या घरात मी चालवतो. मी मागून उठून म्हटलं, "काका, मी कुठीच गेली नाई. इथीच हावो. माह्या कॉलेजात क्लासच होत नाई." अख्खी बैठक खदखदून हसली. काकांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, आणि मी ते पोटभर पाहून घेतलं. त्या हिवाळ्यात प्रत्येक छोट्या जाळ्याला मी पाण्यात होते आणि प्रत्येक वेळी आमचा ढीग घरी आला.

गाव मला ‘वकीलबाई’ म्हणायला लागलं. तिथेच माती झाली. शेजारची एक म्हातारी वनजमिनीच्या पट्ट्याचा नामंजुरीचा कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर चवड्यावर बसली. मी कागद वाचला. पुन्हा वाचला. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. "उद्या सांगते, आजी," म्हटलं, आणि ती हात जोडून गेली. ते हात जोडणं मला सहन झालं नाही. त्या तालुक्याच्या वकिलात आणि माझ्यात काय फरक उरला? त्याला निदान कागद वाचता तरी येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मी चांदा फोर्ट स्टेशनला उतरले आणि वर्गात जाऊन बसले. बाकावर माझ्याशिवाय फक्त एक मांजर होतं. बऱ्याच वेळाने एक सर आले. कोर्टात काम नसलं की पंख्याखाली डुलकी काढायला इथे यायचे, असं दिसत होतं. मान खाली घालून त्यांनी हजेरीपट उघडला आणि नावं न घेताच टिकमार्क सुरू केले. अख्खा वर्ग हजर! आमच्या पाळीवरचा माणूसही पाहत नाही. पण तो पाठ फिरवतो ती कोणावर अन्याय होऊ नये म्हणून. हा मान खाली घालत होता तो लबाडी करायला सोपं जावं म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, मान वर करा. वर्गात मी एकटीच आहे."

ते दचकले. मग चिडले. "कशाला आलीस? कोणी बोलावलं होतं?"

"शिकायले आली."

"इथे?" असं म्हणून ते हसले. त्यांनाच त्यांच्या कॉलेजाची एवढी लाज वाटत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी जागची हलले नाही. शेवटी म्हणाले, "रोज येशील तर शिकवीन. एक दिवस दांडी मारलीस की माझी सुटका. मग थेट परीक्षेलाच तोंड दाखव." त्यांना खात्री होती, ही आठवडाभरात पळणार.

मी पळाले नाही. वाटेवरच्या जंगलातल्या वाघाच्या भीतीने स्टेशनपर्यंत सोबत शोधायची, गाडी उशिरा आली तर धावत जिना चढायचा, आणि सर जांभया देत शिकवायचे. संतापाची गोष्ट अशी की त्यांना सगळं येत होतं. म्हातारीचा कागद त्यांनी एका तासात उलगडून दाखवला, अपील कुठे करायचं, काय लिहायचं, सगळं. एवढं येत असूनही हा माणूस इतकी वर्षं रिकाम्या बाकांना हजर लावत बसला होता. अशा माणसाबद्दल आदर कुठून आणायचा? मी आणला नाही. पण त्यांनी सांगितलं तसं अपील लिहिलं आणि म्हातारीचा अंगठा घेऊन दाखल केलं.

आणि मग दवंडी आली, उद्या मोठं जाळं.

थांबावं तर सरांची सुटका, आणि ते कॉलेज पुन्हा गाद्या वाळवायची जागा. जावं तर बाबांचं नाव काकांच्या घशात. काका संध्याकाळी मुद्दाम अंगणाशी येऊन विचारून गेले, "मंग बेटा, उद्या क्लास हाय ना?" मी रडले. मायला म्हटलं, "मी नाई जात. मरू दे ते कॉलेज." माय भाकरी थापता थापता म्हणाली, "मरू दे. तसंही मेलेलंच हाय." एवढंच बोलली. पण पहाटे तिनेच मला उठवलं, डबा हातात दिला आणि दाराबाहेर काढलं. स्टेशनकडे जाताना पाळीवर माणसं जमताना दिसत होती. मी तिकडे पाहिलं नाही.

दिवसभर सर काय शिकवत होते ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. परत आले तर अंगणातल्या दोरीवर मायचं लुगडं निथळत होतं आणि घरात रश्शाचा वास सुटला होता. माय चुलीपाशी केस मोकळे सोडून बसली होती. ओले.

"मासोळी कुठली?"

"वाट्याची."

"कोणाच्या?"

"आपल्या. दुसऱ्याच्या वाट्याची कायले शिजवू मी?"

आमच्या गावात लग्न झालेली बाई मोठ्या जाळ्याला कधी उतरलेली नाही. बाया मासोळी कापतात, टोपलं डोक्यावर घेऊन विकतात. जाळ्याला हात लावत नाहीत. माय उतरली होती. काकांनी पाळीवर थयथयाट केला, बाईमाणसाचा वाटा कधी असते का म्हणून. तेव्हा ढिगांकडे पाठ करून उभा असलेला म्हातारा वळलाच नाही. म्हणाला, "मले काही दिसून नाई राह्यलं. बाई का बुवा, मले काय माहीत? त्या घरचं मानूस पाण्यात होतं का नव्हतं, तेवढं सांगा." काठीवाला म्हणाला, "होतं. गळ्यापर्यंत होतं." म्हाताऱ्याने बाबांचं नाव घेतलं.

मी तिच्या शेजारी बसून रडायला लागले. मायने माझ्यापुढे ताट सरकवलं.

"रडू नको. त्या टाइलच्या दुकानावरच्या शाळेची मले काडीची किंमत नाई, आजही नाई. पण आता रोज जाऊन बसजो तिथी. नाईतर मी फुकट भिजली."