चरे घालवू नका

पाण्याखाली तीनशे मीटर खोल गेलं तरी बंद पडणार नाही असं स्विस घड्याळ मनगटावर चढवून फरीदाबादच्या भाजीबाजारात भेंडीची टोकं मोडून बघणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. त्या तीनशे मीटरांतला एक मीटरही त्यांच्या उपयोगाचा नाही, कारण त्यांना पोहता येत नाही. एकदा त्यांच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलवर मुलं धुमाकूळ घालत असताना हे गृहस्थ कडेला पँट दुमडून बसले होते आणि डावा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला होता. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाले, "त्यालाही वाटत असेल हो, कधीतरी पाण्यात जावं." एवढं बोलून आणखी पाच मिनिटं ते तसेच बसून राहिले.

घड्याळाची खरी किंमत त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, अजून सांगितलेली नाही. पण बायकांना असल्या गोष्टी वासावरून कळतात. ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावं आणि लग्नाकार्याला काढावं, असं ताईंचं म्हणणं. साडूभाऊंचं उत्तर ठरलेलं: "लॉकरमध्ये ठेवायला ते काय मृत्युपत्र आहे?" त्यामुळे कणीक मळताना, गाडी धुताना, कूलरमध्ये पाणी भरताना, अगदी होळीच्या रंगातसुद्धा ते घड्याळ हातातच असतं. ते रोज चार सेकंद पुढे जातं. दुसरा कोणी असता तर दुकानदाराशी भांडला असता. हे म्हणतात, "उत्साही आहे बिचारं."

त्या घड्याळाच्या काचेभोवती एक फिरणारी कडी आहे. पाणबुड्यांनी आपण किती वेळ पाण्यात आहोत हे मोजावं, म्हणून ती दिलेली असते. साडूभाऊ तिच्यावर वरणाच्या शिट्ट्या मोजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे पाहुणे मोजतात. आपल्या माणसांत "चला, निघतो" म्हणणं आणि खरोखर निघणं यांच्यात केवढं अंतर असतं, हे मी सांगायला नको. मी "चला" म्हटलं की ते गुपचूप कडी फिरवतात. मग सोफ्यावर, मग दाराशी, मग चपला घालताना, मग लिफ्टसमोर असे सगळे निरोप आटोपले की मनगट वर करून जाहीर करतात, "आज बत्तीस मिनिटं! प्रगती आहे." असा अपमान आणि एवढं प्रेम एकाच घरात मिळायला भाग्य लागतं.

नोकरी मानेसरला, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. काम दर्जा तपासण्याचं. तिथे त्यांचा दरारा असा, की एखाद्या भागावर केसाएवढा ओरखडा दिसला तरी अख्खी पेटी परत जाते. आणि याच माणसाला स्वतःच्या घड्याळावरच्या चऱ्यांचं अतोनात कौतुक! पाहुणा चहाला बसला की ते खिडकीशी नेऊन त्याला घड्याळ तिरकं धरून दाखवतात. हा चरा बल्लभगढला स्कूटर घसरली तेव्हाचा. हा चौदा एप्रिलच्या मंडपाचा लोखंडी पाइप लागला त्याचा. हा ताईंच्या कुकरचा, म्हणजे भांडणाचा. आणि कडेचा हा लांबलचक चरा मुलगी सायकल शिकत होती तेव्हाचा. कॅरियर धरून मागे पळता पळता दोघंही फुटपाथवर आपटले होते. तिला खरचटलंसुद्धा नाही. "सगळं यानं घेतलं," असं म्हणून ते त्या चऱ्यावरून अंगठा फिरवतात. मी हा सोहळा किमान चाळीस वेळा पाहिला आहे आणि दर वेळी खोटं खोटं आश्चर्य व्यक्त केलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात हे उत्साही घड्याळ एकाएकी मागे पडू लागलं. सर्व्हिसिंगची वेळ झाली होती. साडूभाऊंच्या कारखान्यात त्या आठवड्यात ऑडिट, म्हणून घड्याळ गुरुग्रामच्या दुकानात द्यायचं काम मुलीकडे आलं. तिचं ऑफिस तिथंच. मुलगी गुणाची, पण जन्म आणि शाळा दिल्लीकडची. तिच्या मराठीला मधेमधे खड्डे आहेत. दुकानातून तिने फोन केला, "पप्पा, यांना काही स्पेशल सांगायचंय का?" साडूभाऊ मशिनच्या खडखडाटात ओरडले, "सांग, चरे घालवू नका!"

आता घालणं आणि घालवणं यांत एका 'व'चा फरक. तिने ऐकलं, चरे घालू नका. म्हणजे नवे चरे पाडू नका. पप्पांचा जीव आहे घड्याळावर, बरोबरच आहे, असं समजून तिने काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, "भैया, पापा को स्क्रैच बिल्कुल नहीं चाहिए." तो म्हणाला, "बिल्कुल मैम," आणि त्याने फॉर्मवर पॉलिशच्या चौकोनात खूण केली.

घड्याळ घरी आलं त्या रविवारी मी तिथेच होतो. डबी उघडली. आत घड्याळ असं झळाळत होतं, की त्यात माझं नाक दिसलं. पोरगी आनंदाने म्हणाली, "पप्पा, देखो ना! एकदम नवं! पॉलिशचे पैसे मी दिले, माझ्याकडून गिफ्ट." साडूभाऊंनी घड्याळ हातात घेतलं, सवयीने खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. अंगठा कडेवर गेला आणि तिथेच थांबला. मग वळून म्हणाले, "वा! नवरदेवासारखं दिसतंय."

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ कपाटात गेलं. मनगटावर नुसता गोरा पट्टा. ताई खूश झाल्या. मला मात्र चैन पडेना. बाल्कनीत गाठून मी म्हणालो, "अहो, सांगून टाका ना तिला."

"काय सांगू? पंधरा दिवसांत ती बंगळुरूला चाललीय नोकरीला. जाताना सोबत हे घेऊन जाईल, की माझं मराठी कच्चं म्हणून पप्पांचं नुकसान झालं. आणि कच्चं राहिलं ते कुणामुळे? मी मानेसरहून यायचो तेव्हा ती झोपलेली असायची. सायकल शिकवली ती एका सुट्टीत, चार दिवस. तेवढाच पुरावा होता माझ्याकडे."

एवढी वर्षं त्या चऱ्याला मी हसत आलो होतो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

जायच्या दिवशी पोरीने फर्मान काढलं, "पप्पा, घड्याळ घाला. नाहीतर मी समजेन, आवडलं नाही." त्यांनी घातलं, पण भर जूनमध्ये पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. नव्या चपलांना जपत चिखलातून जावं तसे ते वावरत होते. खाली गाडीच्या डिकीत तिची मोठी बॅग चढवताना दोघांनी एकदम जोर लावला, बाही वर सरकली आणि बॅगेची लोखंडी कडी करकचून घड्याळावरून गेली.

"सॉरी पप्पा! सॉरी, सॉरी!" पोरगी रडायला आली. साडूभाऊंनी मनगट उन्हात धरलं. चांगला जाडजूड, तिरका चरा होता. त्यांचा चेहरा असा फुलला, की सोसायटीचा वॉचमनही हसला.

"अगं, सुंदर पडलाय! आता हा घालवायचा नाही."

"घालवायचा म्हणजे?"

"म्हणजे काढून टाकायचा नाही."

गाडी मी चालवत होतो, बापलेक मागे. बदरपूर ओलांडल्यावर मागून हळू आवाज आला, "पप्पा, त्या दिवशी फोनवर तुम्ही 'घालवू नका' म्हणाला होता ना?"

"छे गं. मशिन चालू होती. मी काय बोललो, मलाच आठवत नाही."

इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. आरशात मला दिसलं, की तिने त्यांचं डावं मनगट दोन्ही हातांत धरलं होतं. विमानतळ येईपर्यंत तिने ते सोडलं नाही.

परतताना ते माझ्या शेजारी बसले. बदरपूर परत आलं तेव्हा म्हणाले, "विमान सुटलं असेल का हो? किती वाजले?"

घड्याळ त्यांच्याच हातात होतं. अंगठा त्या नव्या चऱ्यावर होता आणि तो उचलून वेळ बघायची त्यांची तयारी नव्हती. मी गाडीतल्या घड्याळाकडे पाहिलं आणि मुद्दाम दहा मिनिटं कमी करून सांगितलं.