मधल्या दाराला लावलेली गादी

खामगावात भाड्याने राहणाऱ्यांनो, तुमच्याही घरमालकिणीला तुमच्या घरातलं सगळं कळतं का?

आमच्या आणि घरमालकीण काकूंच्या मध्ये एक बंद दार आहे. नणंदेच्या स्थळाचं रात्री नवऱ्याशी बोलले, की सकाळी काकू त्याच मुलाची चौकशी करतात. अजून काही ठरलेलं नाही, बोभाटा झाला तर मोडायचं.

भिंतीला खिळा ठोकायची मनाई. म्हणून आज कापसाची जुनी गादी दाराला उभी करून कपाटाने दाबायची ठरवली. आधी दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबायला गेले, तर त्या आत जाईनात. पलीकडून आधीच कोणीतरी कोंबलेल्या.

काकूंना सरळ विचारलं. "हाव पोरी, म्याच कोंबल्या. तुमची भांडनं आयकू येत, मले झोप नोती लागत."

मग आमच्या बातम्या जातात कुठून? तरी गादी लावलीच.

संध्याकाळी बाहेर आले. ओट्यावर काकू आणि माझ्या सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहताच दोघी गप्प.

दाराला गादी लावली. आता ओट्याला काय लावू?