बाळूअण्णांनी लावलेली जोड

हुबळीजवळच्या अमरगोळच्या बाजार आवारात बाळकृष्ण मिरजकर तोलार होते. शेंगांचं पोतं काट्यावर चढायच्या आधीच ते नुसतं बघून वजन सांगायचे, आणि काटा त्यांच्या शब्दापासून अर्ध्या किलोच्या वर कधी ढळायचा नाही. माल विकणारा आणि घेणारा हमरीतुमरीवर आले, तरी एका गोष्टीला दोघंही राजी असायचे: बाळूअण्णांना बोलवा. आजोबा मिरजेहून आले तेव्हापासून घरात हाच धंदा. या माणसाचा शब्द खोटा निघायचा नाही असं सगळं आवार धरून चालायचं, आणि बाळूअण्णांना ते मनापासून आवडायचं.

अशा माणसाला बॉक्सिंगचं वेड आहे म्हटलं तर नव्या माणसाला थट्टा वाटायची. उंची बेताची, पोट सुटलेलं, कपाळावर गंध. पण तरुणपणी पाच वर्षं बेळगावात काढली होती, तिथं पलटणीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी त्यांना हात चालवायला शिकवलं. नव्वद साली त्यांनी उणकलला एका रिकाम्या गोदामात बॉक्सिंगचा क्लास काढला. पोत्यांत भुसा भरून ती वाशाला टांगली, आणि दोर बांधून रिंग केली. पोरं यायला लागली.

हुबळी-धारवाड हा कुस्तीचा मुलूख. इथल्या मैदानात कुस्ती लावायची तर एखादा जाणता माणूस दोन्ही पैलवानांचे हात धरून त्यांना आखाड्याभोवती फिरवून आणतो आणि लोकांना विचारतो, जोड बरोबर आहे का? बसलेल्यांतल्या एका जरी जुन्या माणसानं नाही म्हटलं तर जोड फुटते. पैलवानानं स्वतः नाही म्हणायचं नसतं. तो म्हणाला तर त्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. दुसऱ्यानं म्हटलं तर मात्र कुणालाच कमीपणा नाही. दोघंही हसत मातीतून बाहेर येतात. बाळूअण्णांनी ही फेरी उचलून आपल्या बॉक्सिंगमध्ये आणली. सुभेदारांनी ते पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण इथल्या लोकांना ती पसंत पडली, आणि दर दोन महिन्यांनी होणाऱ्या लढतींना चार-पाचशे माणूस जमू लागलं.

त्यांचा भाचा साकेत याच गोदामात वाढला. थोरली बहीण गोदावरी विधवा होती. नवनगरला दोन खोल्यांत राहायची आणि बालवाडीत शिकवायची. साकेत पंधरा वर्षांचा असताना सरावाच्या पहिल्याच लढतीत त्याचं नाक फुटलं. गोदावरी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भावाला म्हणाली, "बाळू, याला बाप नाही. तुझ्या हातात दिलाय मी. कुणापुढं उभा करायचा ते तू बघ."

बाळूअण्णांनी बघितलं. फार नीट बघितलं. नेमकी इथंच सगळी घाण झाली.

काट्यावर दोन पोरं सारखी भरली म्हणजे ती सारखी असतात असं नाही, हे तोलाराइतकं कुणाला कळणार? ओल्या शेंगांचं पोतं आणि वाळल्या शेंगांचं पोतं एकाच वजनाला बसतं. बाळूअण्णांना चालीवरून कळायचं की याला गेल्या महिन्यात हिवताप येऊन गेलाय, हा रात्रपाळी करून आलाय, याचा उजवा खांदा आखडलाय. अशीच पोरं ते साकेतपुढं उभी करायचे. वजन पासष्ट तर पासष्ट, वय सारखं, उंची सारखी. फेरी मारून तोच जोडीचा प्रश्न कन्नडात विचारायचे, "जोडी सरी ऐतेन्री?" आणि लोक म्हणायचे, "ऐति, ऐति!" आहे, बरोबर आहे. नाही म्हणायला जागाच नसायची. आठ वर्षांत साकेत एकोणीस लढती जिंकला. गोदावरीनं एकोणीस वेळा देवापुढं साखर ठेवली.

मोठमोठ्या देशांतसुद्धा बॉक्सिंगमध्ये हेच चालतं म्हणतात. नाव झालेल्या माणसाला जपायचं, त्याच्यापुढं सोसवेल तेवढाच गडी आणायचा. तिकडं धंद्यासाठी करत असतील. बाळूअण्णांनी मायेनं केलं, म्हणून मी त्यांना सोडून देणार नाही. मार खाणाऱ्या त्या एकोणीस पोरांनाही आया होत्याच की.

लोक खुळे नसतात. कारण सांगता आलं नाही तरी चव गेलेली त्यांना कळते. साकेतची लढत असली की माणसं बिडी ओढायला बाहेर जाऊ लागली. दोन हजार चार-पाच सालापर्यंत गोदामात पन्नास खुर्च्यासुद्धा भरेनात.

त्याच सुमाराला नवनगरच्या निखिलनं मिक्स फाइटचं खूळ आणलं. निखिल केबलवाला. परदेशातल्या मारामाऱ्यांच्या सीड्या मिळवून तो आपल्या चॅनेलवर रोज संध्याकाळी लावायचा. जाळीच्या पिंजऱ्यात दोघं, ठोसा चालतो, लाथ चालते, खाली पाडून वर बसलेलंही चालतं. घराघरांत पोरं गाद्यांवर एकमेकांना पाडू लागली. मग निखिलनं हुबळीत एक हॉल घेऊन तसलाच कार्यक्रम केला, तर जिन्यातसुद्धा उभं राहायला जागा नाही. साकेत त्या जिन्यातच उभा होता.

नवनगरच्या चहाच्या दुकानात निखिल आणि बाळूअण्णा यांची एकदा चांगलीच जुंपली.

"अण्णा, रागावू नका," निखिल म्हणाला. "तुमच्या बॉक्सिंगमध्ये दोघं मोठे गडी असले की ते एकमेकांना टाळत बसतात. एक हरला की त्याचा भाव गेला. म्हणून दहा-दहा वर्षं खरी जोड लागतच नाही. लोकांनी बघायचं काय? आमच्यात आज हरलेला उद्या परत उतरतो आणि लोक त्यालाही टाळ्या देतात. म्हणून जोड झटकन लागते."

"लोकांना बघायची असते ती जोड वेगळी आणि लावायची असते ती वेगळी," बाळूअण्णा म्हणाले. "गर्दी काय, दोन बैल झुंजले तरी जमते की. जोड लावणाऱ्यानं गर्दीकडं बघायचं नसतं."

"मग कुणाकडं बघायचं असतं, अण्णा?"

निखिलनं सहजच विचारलं होतं. बाळूअण्णांनी मात्र बशीतला चहा तसाच ठेवला आणि सायकल काढली. हा प्रश्न त्यांना पुढं कितीतरी दिवस सलत राहिला.

महिन्याभरात साकेतनंच विषय काढला. "मामा, निखिल मला विचारालाय. संक्रांतीनंतर मोठा कार्यक्रम आहे. दावणगेरेचा एक गडी येणार."

"तुला खाली पडून लढायचं ठाऊक आहे काय रे?"

"शिकतो की दोन महिने. हुबळीतल्या तालमीत जातो. एकोणीस जिंकलेत मामा, एकही हरलो नाही."

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. बाळ, ते एकोणीस तुझे नव्हेत, माझे आहेत. एवढं एक वाक्य. पण ते बोलायचं म्हणजे पोराची आठ वर्षं पुसायची, आणि त्याबरोबर तोलाराचा शब्दही. बाळूअण्णा म्हणाले, "बघू." त्या रात्री जेवताना गोदावरीनं विचारलं, "जोड तू बघणार आहेस ना?" ते म्हणाले, "बघतो अक्का." ती म्हणाली, "मग मला काळजी नाही."

दोन हजार सहाचा जानेवारी. संध्याकाळी पाचला हॉल गच्च भरला. दोन हजारांच्या आसपास माणूस असेल. निखिल हुशार गडी. त्यानं अमरगोळहून पोत्यांचा काटा आणून मधोमध मांडला आणि माइकवरून जाहीर केलं की, आपल्या पद्धतीप्रमाणे जोड बाळूअण्णा बघतील. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दोघं काट्यावर चढले. साकेत सहासष्ट, दावणगेरेचा सहासष्ट. काटा खोटं बोलत नव्हता.

बाळूअण्णांनी दावणगेरेच्या गड्याकडं एकदाच बघितलं. दोन्ही कान मोडून गोळा झालेले. पोर दहा वर्षांचं असल्यापासून मातीत घासलं जातं, तेव्हा कान असे होतात. मान आणि खांदा यांत फरकच नव्हता. पाय जमिनीला धरून उभे. अशा माणसाच्या कवेत साकेत सापडला तर संपला, हे सांगायला काटा नको होता. आणि या गड्याला ताप आलेला नव्हता, की खांदा आखडलेला नव्हता. हे सुकं, भरलेलं पोतं होतं.

त्यांनी दोघांचे हात धरले आणि फेरी सुरू केली. उजव्या हातात दावणगेरेचा हात होता, कोरडा आणि ऊबदार. डाव्या हातात साकेतचा. तो गार पडला होता आणि घामानं निसटत होता. अर्धी फेरी झाली तेव्हा साकेतनं त्यांची बोटं दाबली. थोडं पुढं गेल्यावर परत दाबली. बाळूअण्णांना वाटलं, पोर आपल्याला धीर देतंय, मामा भिऊ नका म्हणतंय.

फेरी संपली. या वेळी प्रश्न लोकांना गेला नाही; निखिलनं माइक सरळ बाळूअण्णांच्या तोंडापुढं धरला. "अण्णा, तुम्हीच सांगा. जोडी सरी ऐतेन्री?"

पहिल्या रांगेत आवारातले अडते होते. बाजूला जुने पैलवान होते. त्यांनाही दिसत असणार, पण बाळूअण्णांनी तोलल्यावर दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही, ही या लोकांची रीत. 'अल्ल' म्हणजे 'नाही', एवढाच शब्द पुरला असता. मग कुणीतरी विचारलं असतं, का अल्ल? एकोणीस जिंकलेला तुमचा पोरगा या एकाला का पुरा पडत नाही? आणि त्याचं उत्तर त्या काट्याशेजारी उभं राहून द्यावं लागलं असतं. बाळूअण्णांना लाज वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, हे त्यांनी पुढं बायकोपाशी, कमलपाशी कबूल केलं.

"ऐति," ते म्हणाले.

लढत दीड मिनिटं चालली. पहिला ठोसा साकेतचा होता आणि चांगला बसला. लोक उठून उभे राहिले. तेवढ्यात दावणगेरेच्या गड्यानं खाली वाकून दोन्ही मांड्यांना मिठी घातली आणि त्याला उचलून आपटलं. मग तो छातीवर बसला. साकेतला तिथून निघायचं कसं ते ठाऊक नव्हतं. बॉक्सिंगमध्ये पडलेल्या माणसाला मारत नाहीत, हेच त्याच्या अंगात भिनलेलं. तो दोन्ही हात चेहऱ्यापुढं धरून कुणीतरी आकडे मोजायची वाट बघत राहिला. पंच मध्ये पडेपर्यंत आठ-नऊ ठोसे बसले. दावणगेरेचा गडी उठल्यावर स्वतःच घाबरला आणि साकेतच्या तोंडावर पाणी मारू लागला. वाईट माणूस नव्हता तो.

डोक्यात रक्त साकळलं होतं. साकेत जगला. पण उजवं अंग गेलं, बोलणं तुटलं. चोविसाव्या वर्षी आई त्याला चमच्यानं भात भरवू लागली. निखिलनं दोन महिने तोंड लपवलं आणि मग छपरावरच्या डिश अँटेनाचा धंदा सुरू केला. उणकलच्या गोदामाला कुलूप लागलं. आवारात मात्र काहीच बदललं नाही; लोक अजून भांडण झालं की बाळूअण्णांनाच बोलवायचे. ते यायचे आणि म्हणायचे, "काट्यावर घाला." बघून वजन सांगणं त्यांनी सोडलं होतं. म्हातारे झाले, असं म्हणून लोकांनी ते सोडून दिलं.

गोदावरी त्यांना एका शब्दानं बोलली नाही. ती फक्त म्हणायची, "तू बघितली होतीस जोड. माझ्या नशिबातच नव्हतं." हे ऐकण्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

साकेतला चालवत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज संध्याकाळी आवारातून सुटल्यावर बाळूअण्णा नवनगरला यायचे आणि त्याचा हात धरून घरासमोरच्या मैदानाला फेऱ्या घालायचे. पहिल्या वर्षी अर्धी फेरी व्हायची. दुसऱ्या वर्षी दोन होऊ लागल्या. पोरं क्रिकेट खेळायची आणि हे दोघं कडेनं, पाय ओढत चालायचे.

दोन हजार आठच्या दिवाळीआधी एका संध्याकाळी बाळूअण्णांच्यानं राहवलं नाही. चालता चालता त्यांनी सगळं सांगून टाकलं. हिवतापवाला, रात्रपाळीवाला, आखडलेल्या खांद्याचा, एकोणीसच्या एकोणीस नावांनिशी सांगितले. सांगताना त्यांना रडू आलं. "तू हरू नयेस म्हणून केलं रे," ते म्हणाले. "त्या दिवशी मला दिसत होतं. माझ्या तोंडून निघालं नाही."

साकेतला एक एक शब्द गोळा करावा लागायचा.

"ठाऊक... होतं," तो म्हणाला. "पाचव्या... लढतीपासून."

बाळूअण्णा थांबले.

"मग उतरलास का?"

"निखिलला... हो म्हटलं होतं. मला... नाही म्हणता येत नव्हतं." त्यानं डाव्या हातानं मामांची बोटं दाबली. एकदा, आणि मग पुन्हा. "तुम्हाला... सांगत होतो की, मामा. तुम्ही... नाही म्हणाल... म्हणून उतरलो."

चेंडू त्यांच्या पायाशी येऊन पडला आणि पोरं ओरडू लागली, अण्णा, चेंडू, चेंडू. बाळूअण्णांना खाली बसावंसं वाटत होतं. पण त्यांनी साकेतचा हात सोडला नाही. सोडला असता तर तो पडला असता.