कन्या राशीतली सवत

ओरोसच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी घरापुढच्या खळ्यात दुर्बिणीवरचं प्लास्टिक बांधत होते. यांनीच आदल्या दिवशी तिथल्या खाटेवरून बजावलं होतं, "वाऱ्यान उडात गो, बघ." कपडे न्यायला आणि एवढ्या कामाला म्हणून मी घरी आले होते. भाचा फोनवर नुसतं "मामी..." म्हणाला. पुढचं त्याला बोलवेना आणि मला ऐकायचं नव्हतं. प्लास्टिकची गाठ मात्र मी पुरी मारली. का मारली, देव जाणे.

हे मालवणात शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, यांनी दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला. पावसाळाभर पडवीत काचेची करकर, डोकं उठायचं माझं! दुर्बीण उभी राहिली तशी यांनी शेजारीपाजारी बोलावून, नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वयवाटीच्या म्हाराजा, आज आबाळात ढगाक येवक देव नको रे म्हाराजा!" सगळ्यांनी हसत हसत "व्हय म्हाराजा!" म्हटलं. तेव्हापासून दुर्बीण उघडायची म्हणजे आधी गाऱ्हाणं. शेजारी एकदाच आले, रोजचं "व्हय म्हाराजा" माझ्या गळ्यात पडलं. तव्यावर बांगडे, हातात कालथा, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडतेय. विज्ञानाचे मास्तर ना तुम्ही, म्हणून मी चिडवायचे. "ढग इलो तर विज्ञान काय करतला?" हे यांचं ठरलेलं उत्तर.

यांचा जीव कन्या राशीतल्या एका दीर्घिकेवर. मी तिला सवत म्हणायचे. पहिल्यांदा डोळा लावला तर नुसता काळोख. "माका कायच दिसणा नाय."

"समोर बघू नको गो. जरा बाजूक बघ, मगे दिसतली."

बाजूला बघितलं आणि खरंच... पिंजलेल्या कापसाचा गोल बोळा, मध्ये उजळ, कडेला विरत गेलेला. ना चक्रासारखे फाटे, ना कसली नक्षी. हिच्यासाठी एवढा जीव टाकता? लंबवर्तुळाकार दीर्घिका अशाच असतात, हे म्हणाले. हिच्यातला वायू आणि धूळ जवळजवळ संपलीय, नवे तारे घडायला सामानच उरलेलं नाही. "आसत ते सगळे म्हातारे, तांबूस. नये जल्माक येणत नाय." मी नळीवरून डोळा काढला. आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. यांच्या ते उशिरा लक्षात आलं असावं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तरी उजेड केवढो आसा बघ तिचो."

मग समुद्रात एलईडीच्या बोटी आल्या. मासळी ओढायला पाण्यावर एवढे दिवे, की डोक्यावरचं आभाळसुद्धा दुधाळ व्हायचं. त्यात यांना मोतीबिंदू. तो काढला, तर किडन्यांनी दगा दिला. तिला एकदा परत बघायचं, एवढंच घोकत होते. वैशाखात काळोख पडता पडता ती वर आलेली असते, तेव्हा बघूया म्हणत होते. चैत्रातच गेले. एवढंसं मागणं होतं माणसाचं, तेही पुरं होऊ नये? लोक सांगतात, सावर, दिवस जातील. जातील ना. पण मला आता त्या दिवसांचं काय करायचंय?

परवा अवसेला मी प्लास्टिक सोडलं. हे दाखवायचे तिकडे नळी वळवली, यांच्या वतीने तरी बघावं म्हणून. समोर बघितलं, बाजूला बघितलं, काही नाही. नुसता पांढुरका उजेड, बोटींचा. मग आठवलं, गाऱ्हाणं राहिलं. आत जाऊन नारळ आणला, दुर्बिणीपुढे ठेवला आणि यांच्यासारखंच घातलं... बा देवा म्हाराजा, एकदाच दाखव रे म्हाराजा. आणि सवयीने थांबले, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत.

तिथून "व्हय म्हाराजा" म्हणणारी बाई तर इथे खळ्यात उभी होती.